चाकाच्या पोटातलं माप

हिंगणघाटात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक मशीन, एक आरसा आणि भिंतीला टांगलेली लाकडी मीटरपट्टी. इतकी वर्षं ब्लाउज शिवल्यावर माणसाला दोन सवयी लागतात. एक म्हणजे कोणी समोर आलं की आधी त्याचा खांदा दिसतो, चेहरा मागून. आणि दुसरी, काही बिघडलं की ते का बिघडलं हे उसवून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या सवयीपायी माझी गिऱ्हाइकांशी भांडणं झाली, दुसरीपायी नवऱ्याशी.

आमचे हे जन्मभर सरकारी लाल बस चालवत होते. अल्लीपूर, समुद्रपूर, गिरड, आर्वी, डेपोनं ज्या फेरीला लावलं त्या फेरीला. एकदाही गाडी कुठं घासली नाही, आणि हे ती गोष्ट कोणाला विसरूही देत नसत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला जिलबी वाढली जाण्याआधी ते कळलेलं असे. निवृत्त झाले आणि घर यांना खायला उठलं. सकाळीच अंघोळ करून, पँट घालून हे ओट्यावर बसायचे, जसं काही कोणी बोलवायला येणार आहे. कोणी यायचं नाही. मग आत येऊन माझ्या कात्रीत चुका काढायचे. शेवटी मीच म्हटलं, "तुमी एक गाडी घ्या वो. नाई त मले दुसरं घर पाहून द्या."

गाडी आली. जुनी, पांढरी, पाच माणसांची. तिची चाकं काळी लोखंडी होती, ती यांच्या मनास येईनात. नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारात दिवसभर फिरून हे अलॉयच्या चार रिमा घेऊन आले. रिम म्हणजे टायर ज्याच्यावर चढतो ते चाकाचं धातूचं अंग. या रिमा रुंद होत्या, पाच पाकळ्यांच्या, थोड्या चमकणाऱ्या आणि बऱ्याच खरचटलेल्या. काळी चाकं भंगारात गेली. नवी बसवल्यावर हे गाडीभोवती असे काही फिरले की मी त्या चाकांना सवत म्हणू लागले.

"सवतीले पाणी घातलं काय आज?" मी विचारायची.

"तुले नाई समजत त्यातलं," हे म्हणायचे. तेव्हा ते खरंच होतं.

दसऱ्याला डेपोत बस सजवायची रीत असते. बाकीचे ड्रायव्हर झेंडूची माळ घालून मोकळे व्हायचे, पण यांचं तेवढ्यानं भागत नसे. हे आदल्या दिवशी बसच्या चाकांना रुपेरी रंग मारायचे, स्वतःच्या हातानं. जे जमिनीला टेकतं त्याची पूजा आधी, असं यांचं म्हणणं. घरची गाडी आल्यावर पहिल्याच दसऱ्याला यांनी चारही चाकं खोलली, अंगणात भिंतीला टेकवली, घासून धुतली आणि पुढून-मागून रुपेरी रंगानं अशी माखली की चमकणारं कुठलं आणि खरचटलेलं कुठलं काही कळेना. खोलताना माझ्याकडून कापडावर खुणा करायचा खडू नेला होता, कोणतं चाक कुठलं ते लिहून ठेवायला. मग त्याच खुणांवरून ब्रश फिरवला. मी दारातून पाहत होते.

"आता ओळखा कोणतं कुठलं," मी म्हटलं.

"चारी सारखेच त हायेत. कायले ओळखा लागते?"

रंग वाळला तसं जे चाक हाताला आलं ते बसवलं. झेंडू वाहिले, नारळ फोडला, आपट्याची पानं बॉनेटवर ठेवली. गाडी खरंच देखणी दिसत होती, मीसुद्धा तसं म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही गिरडला निघालो. माझी धाकटी बहीण अल्लीपूरला दिली आहे. तिच्या मुलीला नोकरी लागली होती, म्हणून टेकडीवरच्या दर्ग्याला बोललेला नवस फेडायचा होता. मागं मी, बहीण आणि तिची सासू, मांडीवर शिदोरीचे डबे. पुढं यांच्या बाजूला बहिणीचा नवरा. समुद्रपूर सुटेपर्यंत गप्पा रंगल्या होत्या. मग आरशात मला यांचं तोंड दिसलं, घामानं भिजलेलं. गाडी सारखी डावीकडं जायची आणि हे तिला ओढून आणायचे. खड्डा आला की स्टिअरिंग हिसका द्यायचं. मोकळ्या रस्त्यावर जरा वेग घेतला की स्टिअरिंग थरथरायला लागायचं, आणि त्यावरचे यांचे दोन्ही हात थरथरायचे.

टेकडीखालच्या वळणावर डावीकडून खर्रकन आवाज आला, टायर पत्र्याला घासल्याचा. गाडी थेट नारळ-फुलांच्या एका दुकानाकडं निघाली. ब्रेक लागला तेव्हा गाडीचा दिवा आणि दुकानाचा बांबू यांच्यात वीतभर जागा उरली होती. दुकानवाली उठून उभी राहिली, आमच्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "आता आलेच हा त नारळ घेऊनच जा." आम्ही सगळे हसलो. हे हसले नाहीत.

बहिणीच्या नवऱ्याचं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. उतरता उतरता तो म्हणाला, "भाऊ, हात थरथरून राह्यले तुमचे. आता पोट्ट्यायले चालवू द्या गाडी."

परतीला यांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली. घरी आल्यावर किल्ली खुंटीला लावली आणि दुसऱ्या दिवशी फिरायला निघाले ते पायी. तिसऱ्या दिवशीही पायी. मी कारण विचारलं तर म्हणाले, पोट सुटून राह्यलं. मग एका सकाळी चहा पिताना आपणहून बोलले.

"माह्या बापाचं हेच झालतं. पह्यले हातच गेले त्याचे."

सासऱ्यांना मी पाहिलेलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायचा. पुढं पुढं घास तोंडापर्यंत पोचेना, सासूबाई भरवायच्या आणि ते डोळे मिटून खायचे. तरुणपणी त्यांची पेरणीची ओळ दोरी न लावता सरळ यायची म्हणे. ते सगळं यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं होतं, आणि खरं सांगते, माझ्याही. मला भीती वाटली. या माणसाकडं हातांशिवाय मिरवायला दुसरं काही नव्हतं. ते हात गेले तर हे त्या ओट्यावर बसून वाळून जातील, हे मला दिसत होतं.

पण भीतीच्या मागोमाग मला रागही आला. दोष हातात आहे की गाडीत आहे, हे पाहिलं कोणी? बहिणीच्या नवऱ्यानं? त्याला सायकलची हवा भरता येत नाही.

मला गाडी येते. बचत गटातल्या आम्ही चौघी एकदा हट्टानं शिकायला गेलो होतो, लायसन्सही आहे. पण ड्रायव्हरच्या घरात बायकोनं गाडी काढायची म्हणजे हलवायाच्या घरी बाहेरून पेढे आणण्यासारखं, म्हणून कधी काढली नव्हती. त्या सकाळी काढली. हे फिरायला गेले होते. अल्लीपूरच्या रस्त्याला लागले. कापसाचे दिवस, टेम्पो इतके फुगवून भरलेले की मागून नुसता पांढरा डोंगर चालल्यासारखा दिसत होता. मोकळा रस्ता मिळाला तशी मी स्टिअरिंगवरची पकड सैल केली. गाडी डावीकडं गेली, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या शेताच्या बांधाकडं. सरळ केली, पुन्हा सोडली, पुन्हा डावीकडं. वेग वाढवला तर स्टिअरिंग माझ्या हातातही थरथरू लागलं. गाडी वाकडी जात होती आणि मी एकटीच खुदूखुदू हसत होते.

घरी येऊन सांगितलं, "माह्याही हातात थरथरते. हात नाई तुमचा, गाडी हाय."

यांनी चप्पल काढली, पाय धुतले, आणि म्हणाले, "तुले गाडी येतेच कुठं?"

मग मी गाडी चाकांची अलाइनमेंट करणाऱ्याकडं नेली. त्यानं चाकांना आरशासारख्या तबकड्या लावल्या, पडद्यावर आकडे पाहिले, दोन ठिकाणी पाना फिरवला आणि म्हणाला की गाडी आता बरोबर आहे, ड्रायव्हर पाहा. तो गमतीनं बोलला. मी ते घरी येऊन सांगायला नको होतं, पण तोपर्यंत हे फाटकाशी उभे राहून विचारत होते, आणि मला खोटं बोलता येत नाही. गाडी तरीही डावीकडंच ओढत होती. यांनी माझ्या हातून किल्ली घेतली आणि पुन्हा खुंटीला लावली.

मला मात्र आता झोप लागेना. पडद्यावरचे आकडे बरोबर, हवा बरोबर, तरी गाडी वाकडी. मी अंगणात जाऊन गाडीसमोर उभी राहिले, जशी गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून मागं सरते तशी. बाई नीट उभी असली की शिवणीत कुठं झोल आहे ते लांबूनच दिसतं. आणि मला दिसलं. डावीकडचं पुढचं चाक जरा बाहेर आलेलं होतं. उजवं आत होतं.

डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून मशीनची बॉबीन दोऱ्याला बांधली आणि चाकावरच्या पत्र्याच्या कडेवरून खाली सोडली. उजवीकडं दोरा टायरला न शिवता मोकळा लोंबला. डावीकडं तो टायरच्या पोटावर टेकला. मी दोन्हीकडं पुन्हा करून पाहिलं. शेजारीण कंपाउंडवरून पाहत होती, तिनं विचारलं, "गाडीले ब्लाउज शिवून राह्यली काय वो?"

"हाव," मी म्हटलं, "एका बाहीत झोल हाय."

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मोबाईल घेऊन बसले आणि चाक बाहेर काऊन येते, असं जमेल त्या हिंदीत विचारलं. एक माणूस हिंदीत बोलणारा सापडला, मग दुसरा. दोघंही एकच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग. पहिल्यांदा काही कळलं नाही. तिसऱ्यांदा पाहताना एकदम कळलं, आणि इतकं सोपं वाटलं की मी मोठ्यानं "बाप्पा!" म्हटलं.

छाती छत्तीस म्हटल्यावर सगळे छत्तीसचे ब्लाउज सारखे होत नाहीत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसते की पुढं घसरते, त्यावर सारं असतं. चाकाचंही तसंच. रिमची रुंदी सारखी, भोकं सारखी, नक्षी सारखी, तरी चाक गाडीला जिथं टेकून बोल्टनं आवळलं जातं ती जागा रुंदीच्या बरोबर मध्यावर नसते. मध्यापासून ती जागा जितकी सरकलेली, तो ऑफसेट. आणि चाक पालथं घातलं तर मागच्या काठापासून त्या जागेपर्यंत जितकी खोली, ती बॅकस्पेसिंग. मी तिला चाकाच्या पोटाची खोली म्हणते. पोट खोल असलं की चाक गाडीत आत बसतं. उथळ असलं की बाहेर येतं. आणि एका बाजूचं आत, दुसऱ्या बाजूचं बाहेर असं झालं की बाहेरचं चाक रस्त्याला जास्त लांबून ओढ खातं आणि गाडी तिकडं वळते. भरलेली गाडी खाली दबली की तेच चाक वळणावर पत्र्याला घासतं.

आता मोजायचं. हे नको म्हणणार हे माहीत होतं, म्हणून मी विचारलंच नाही. डिकीतून जॅक काढला आणि गाडीखाली सारला. ओट्यावरून आरोळी आली.

"तिथं नाई लावत जॅक! पत्रा वाकन!"

"मंग कुठं लावतेत?"

हे आले. दोष कोणाचा हे पाहायला नाही आले, पत्रा वाचवायला आले. पण एकदा पाना हातात आल्यावर चारही चाकं निघाली. या वेळी मी कोणतं चाक कुठून निघालं ते भिंतीवर खडूनं लिहिलं, रंगाच्या आवाक्याबाहेर. पहिलं चाक जुन्या गोधडीवर पालथं घातलं, मीटरपट्टी आडवी टाकली आणि माझा टेप आत सोडला. पहिल्या चाकाचं एक माप आलं. तेच चाक पुन्हा मोजलं तर दुसरं आलं.

हे कमरेवर हात देऊन पाहत होते. "तू टायरचं पोट मोजून राह्यली," हे म्हणाले. "पट्टी टायरवर टेकली हाय, रिमवर नाई. टायर त हवेनं फुगते."

बरोबर होतं. मी तसं म्हटलं, तर यांना बरं वाटलेलं दिसलं. आत जाऊन जुन्या खिडकीच्या दोन सरळ पट्ट्या आणल्या आणि रिमच्या काठावर नेमक्या बसतील एवढ्या कापल्या. करवत दोनदा घसरली. करवत जुनी होती. माझा कापडी टेप यांनी हातात घेऊन ताणला आणि माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तो टेप ओढून ओढून लांबला होता, आणि त्याच टेपनं मी सगळ्या आळीची मापं घेत होते. हे हसले. किती तरी दिवसांनी हसले. "म्हनून तुह्ये ब्लाउज तंग होतेत," म्हणाले, आणि आतून लोखंडी टेप आणला.

रिमची रुंदी मोजायला एक पट्टी वरच्या काठावर, एक खालच्या काठावर, आणि पाकळ्यांच्या फटीतून टेप. चारही रिमा काठापासून काठापर्यंत सात इंच. म्हणजे मध्य साडेतीन इंचांवर. मग पोटाची खोली. मागच्या उजव्या चाकाची पाच इंच. पुढच्या उजव्याची पाच इंच. पुढच्या डाव्याची सव्वाचारच्या थोडी वर.

यांनी टेप माझ्या हातून घेतला आणि स्वतः मोजलं. सव्वाचारच्या थोडी वर. मागचं डावं मोजलं, तेही तसंच. मोजलं आणि तिथंच गोधडीच्या काठावर बसले.

"दोन ढीग होते त्याच्या दुकानात," हे हळूच म्हणाले. "दोन या ढिगातून घेतल्या, दोन त्या ढिगातून. भोकं जुळली, नक्षी जुळली. मले काय मालूम पोट बी पाहा लागते?"

म्हणजे दसऱ्यापर्यंत एका ढिगातली जोडी पुढं होती आणि दुसऱ्या ढिगातली मागं. गाडी सरळ होती. दसऱ्याला यांनी चौघींना एकाच रंगात रंगवलं आणि हाताला येईल तशी बसवली, तेव्हा पुढं एक या घरची आली, एक त्या घरची. मी ब्लेड आणलं आणि एका पाकळीच्या मागचा रुपेरी रंग खरवडला. खाली आकडा उठवलेला होता, अडतीस. दुसऱ्या रिमवर वीस. हा ऑफसेट मिलिमीटरमध्ये लिहितात. पाच इंचांतून साडेतीन गेले, उरले दीड, आणि दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. मला इतका आनंद झाला की मी तो आकडा बोटानं पुन्हा पुन्हा चाचपला. चाक जिथं टेकून बसतं तिथंही रंगाचे जाड पापुद्रे होते, म्हणून ते सपाट बसत नव्हतं आणि स्टिअरिंग थरथरवत होतं.

"मंग हात नाई?" यांनी विचारलं.

"हात नाई," मी म्हटलं. कोर्टात सांगावं तसं ठासून म्हटलं.

यांनी उठून तारेचा ब्रश घेतला आणि ते पापुद्रे घासायला लागले. घासता घासता जुनं गाणं गुणगुणत होते, बेसूर. मी आत जाऊन भाजीला फोडणी दिली आणि चुलीपाशी उभी राहून देवाला हात जोडले.

खोल पोटाची जोडी पुढं गेली, उथळ पोटाची मागं. आता मागची चाकं भरल्या गाडीत घासतात की नाही हे पाहणं राहिलं. त्यासाठी मला युक्ती सुचली. पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेचे दोन गोळे मागच्या टायरांवर, पत्र्याच्या कडेखाली बसवले. ब्लाउज घ्यायला तीन बाया आल्या होत्या, त्यांना आधी मागच्या सीटवर बसवलं आणि मीही पुढं बसले.

"आता दणके द्या," मी म्हटलं.

"कायले वो?"

"द्या त!"

चौघींनी बसल्या जागी असे दणके दिले की गाडी पाळण्यासारखी हलली. सगळ्यात जाड बाईला चाकाच्या वर बसवलं होतं, हे तिला कळलं तेव्हा तिनं मला बरंच ऐकवलं. गोळे काढून पाहिले. चपटे झाले होते, पण कुठंही चिरले नव्हते. सगळ्यात पातळ जागी बोटभर कणीक उरली होती. म्हणजे बोटभर जागा होती. त्या कणकेवर टायरची नक्षी इतकी सुरेख उठली होती की टाकवेना. शेवटी गाईला घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खुंटीवरची किल्ली न सांगता घेऊन आले. इस्त्रीची पँट. "चाल गिरडाच्या रस्त्यानं," म्हणाले. मी मशीनवर कापड तसंच सोडून निघाले. गाव सुटेपर्यंत हे कानानं गाडी ऐकत होते. मग रस्ता मोकळा झाला. गाडी सुतात चालत होती. खड्डा आला, स्टिअरिंगनं हिसका दिला नाही. वेग वाढवला, थरथरलं नाही. समुद्रपूर मागं गेलं तेव्हा यांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर पाहून खाकरले, जसे बसमध्ये घंटी झाल्यावर खाकरायचे.

"हात सोडून पाहू काय?" यांनी विचारलं.

"पाहा न."

पुढं-मागं कोणी नव्हतं. यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले, जेमतेम वर, आणि तसेच धरले. आम्ही दोघंही स्टिअरिंगकडं पाहत होतो. ते हललं नाही. गाडी सरळ गेली, आणखी सरळ गेली. स्टिअरिंग इतकं स्थिर होतं की त्याच्यावर धरलेल्या हातांकडं नजर जाणारच. उजवा हात स्थिर होता. डावा थरथरत होता.

बारीक, सारखा. अंगठ्याजवळ जास्त.

यांनी हात खाली आणले, गाडी हळू केली आणि रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखाली उभी केली. किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. डावा हात मांडीवर ठेवला होता आणि तो अजूनही गाडी चालू असल्यासारखा हलत होता.

"थंडी हाय आज," मी म्हटलं.

"राहू दे," हे म्हणाले. रागावले नाहीत. त्या हाताकडं पाहत होते, जसं आदल्या दिवशी त्या आकड्याकडं पाहिलं होतं. "चाकाचं चाकात गेलं. आता उरलं ते माह्यं हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "काल रातच्याले लय बरी झोप लागलती मले."

मला रडू आलं. मी रडले, लपवलं नाही. मला माझ्या मीटरपट्टीचा राग आला, त्या आकड्यांचा राग आला, आदल्या दिवशी ठासून बोललेल्या माझ्या तोंडाचा राग आला. चाकं वाकडी होती तोवर त्यांची थरथर आणि यांची थरथर एकमेकीत मिसळून गेली होती, आणि कुठली कुणाची हे कळत नव्हतं. मीच ती दोन हातांनी वेगळी करून ठेवली होती. समोरच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. एकीनं आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा वाकली.

"सोमवारी दवाखान्यात जाऊ," हे म्हणाले.

"हाव."

"लवकर धरलं त औषध लागते म्हनते. माह्या बापाले कोणी नेलंच नाई."

"मी नेतो तुमाले."

"तूच नेजो," हे म्हणाले, आणि दार उघडून उतरले. बॉनेटवर हात ठेवत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. मी उतरले नाही, आतूनच सरकून त्यांच्या जागेवर गेले. सीट माझ्यासाठी फार मागं होती, ती पुढं ओढली. हे डावीकडच्या सीटवर बसले. दार लावलं. मग पट्टा घ्यायला उजव्या खांद्यावरून हात मागं नेला, जसा जन्मभर नेला होता. तिथं पट्टा नव्हता. हात हवेत काही तरी शोधत राहिला.

मी वाकले, यांच्या डाव्या खांद्यामागून पट्टा ओढला, छातीवरून आणला आणि खटक्यात बसवला. यांनी माझा हात तिथंच जरासा धरून ठेवला, मग सोडला.

"आंधी आरसा पाह्यजो," हे म्हणाले.

मी डोळे पुसले आणि आरसा पाहिला.